रुमालाखालची नाडी

उभ्या वऱ्हाडात त्या वर्षी एकच माणूस असा होता, ज्याला कापसाचा भाव आणि माणसाचा जीव दोन्ही बोटांच्या टोकांवर कळत. तो माणूस म्हणजे मी! वय वर्षं सोळा. मिशी म्हणावी असं काही नव्हतं. पण तिच्या जागेवरून मी रोज सकाळी हात फिरवून ठेवत असे, म्हणजे ती आल्यावर नवखेपणा वाटायला नको.

आता माझ्या दाढीचाही कापूस झालाय, तेव्हा खरं काय ते सांगून टाकायला हरकत नाही. कुणी हसलं तर हसू द्या. त्या दिवशी सगळी अमरावती हसली होती, त्यात तुमची भर.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. सातासमुद्रापलीकडे साहेब लोकांची आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस यायचा बंद झाला आणि इकडे आमच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. लोकांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा बांधल्या. काल भजी तळणारा आज मुंबईच्या पेढीचा माणूस म्हणून पागोटं बांधून फिरायचा आणि त्याला कुणी 'तू कोण रे?' म्हणून विचारत नसे. माझ्या बाबांनी, महादेवरावांनी, तर कमालच केली. अमरावतीजवळच्या आमच्या मळ्यात तीन पिढ्या वांगी पिकत होती. बाबांनी ती सगळी उपटली आणि तिथं कापूस लावला! आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं म्हणतात.

मी तेव्हा तिथं नव्हतो. मी होतो अकोल्याला, मामांकडे. मामा म्हणजे खुशालराव वैद्य. पातूरच्या डोंगरातून मुळ्या आणि पाला आणायचा, मोर्णेकाठच्या घरात वाळवायचा, कुटायचा आणि येईल त्याला पुड्या बांधून द्यायच्या, हा त्यांचा उद्योग. त्यांना मूलबाळ नव्हतं. आईनं मला बाराव्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला धाडलं. चार वर्षांत मी कुटायला शिकलो, चाळायला शिकलो आणि नाडी पाहायला शिकलो. नाडीत माझा हात चांगला होता. हे मामाच म्हणत. मी फक्त त्यांच्यापेक्षा जास्त वेळा म्हणत असे.

मामांच्या घरात एक काळ्या दगडाचा खल होता. त्यांच्या आज्यापासूनचा. कुटून कुटून आतून आरशासारखा झालेला. त्या वर्षी पौष लागला आणि मामांचा हात थरथरायला लागला. एक दिवस सुंठ कुटता कुटता बत्ता त्यांच्या हातातून निसटला. त्यांनी तो उचलला, पुसला आणि मला हाक मारली.

"गोवर्धन, मायाच्यानं आता कुटनं होत नाही. तुले वैद्यकी कराची असंन तर संक्रांतीले सांगजो. खल तुया हातात देतो. नसंन कराची तरी सांगजो. मी रागावनार नाही. खल मोर्णेत सोडून देईन."

'रागावणार नाही' म्हणताना ते खलाकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. मी चाळणी उचलून चाळायला बसलो. कारण मी तर मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. वैद्यकी कसली करताय! सगळं जग कापूस विकून मोठं होऊन राहिलंय आणि मी काय खोकल्याच्या पुड्या बांधत बसू? माझी अमरावतीत आडत, म्हणजे दलालीची पेढी, निघणार होती. दारावर माझं नाव, आत पांढरी गादी, गादीवर लोड, लोडाला टेकून मी. लोड कुठून घ्यायचा हेसुद्धा ठरलं होतं. फक्त हे सगळं मामांना कसं सांगायचं, तेवढं ठरत नव्हतं.

तेवढ्यात बाबांचा निरोप आला. कापसाची पहिली बंडी, म्हणजे बैलगाडी, भरली आहे, संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाजारात न्यायची आहे, पोराला पाठवा. पोरगा शिकलेला आहे, सौदा त्यानंच करावा!

आता तुम्हाला तो सौदा कसा चालायचा ते सांगायला हवं. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, दलाल त्यांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून, सोडून भाव ठरायचा. तोंडानं एक अक्षर नाही. भोवती शंभर माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. हात बाहेर निघाले, दलालानं टाळी दिली, की सौदा पक्का. मग तो प्रत्यक्ष देव आला तरी मोडत नसे.

आणि इथंच माझं डोकं चाललं! मामा पडद्यातल्या बायांची नाडी रुमालाखालूनच पाहत आणि मलाही त्यांनी तसंच शिकवलं होतं. म्हणजे रुमालाखाली हात घालायची सवय मला आधीपासूनच. मग सौदा करता करता समोरच्याची नाडी पाहिली तर? तोंडावर माशी न हलू देणारा सेठ असला तरी नाडी काही त्याच्या बापाचं ऐकत नाही. माल घ्यायला उतावीळ असेल तर नाडी पळणार. नाडी पळाली की आपण भाव चढवायचा! साऱ्या हिंदुस्थानात असा दलाल झाला नसेल.

युक्तीची परीक्षा मी मामीवर घेतली. माझी मामी माणिकबाई. स्वयंपाकघरात गेलो, तिचा पदर तिच्याच हातावर टाकला आणि विचारलं, "मामी, तूप आहे का?"

"तूप सरलं," मामी म्हणाली.

नाडी धावत होती! मी सरळ फळीवर चढलो आणि डाळीच्या मडक्यामागून तुपाचं भांडं काढलं. आता बोला!

"अबे पोट्ट्या, खाली ठेव ते! संक्रांतीच्या पोळ्याईसाठी ठेवलं हाये!"

"तुझ्या नाडीनंच सांगितलं, मामी."

"माई नाडी? मी आत्ताच दोन हंडे पानी वढून आली, धाप लागली मले! आन् तूप तं तू रोजच त्याच मडक्यामांगून चोरते, तुले ठाऊक नाही काय?"

या दोन्ही गोष्टींकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. शास्त्र सिद्ध झालं होतं. मी मामीला सगळा बेत सांगितला, आडतीसकट, लोडासकट. कुणाला सांगू नको म्हणून तुपाच्याच भांड्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली.

निघायच्या दिवशी छकडा जुंपला तर मामा आधीच आत बसलेले.

"मामा, तुम्ही?"

"अमरावतीले पिंपळी चांगली भेटते. घेऊन येतो थोडीशी."

पिंपळी आणायला निघालेल्या माणसाची पिशवी जाताना रिकामी असते. मामांची जड होती. छकड्याला गचका बसला की ती फळीवर आपटायची. पण मी विचारलं नाही. मला बोलायलाच नको होतं. मूर्तिजापुराजवळ लोखंडी रस्त्याचा, म्हणजे आगगाडीचा, भराव टाकणं चाललं होतं, तो मामांनी कौतुकानं दाखवला. मी 'हं' म्हणालो. बडनेऱ्याला त्यांनी माझ्यासाठी बोरं घेतली. मी पुन्हा 'हं' म्हणालो. बोरं मात्र सगळी खाल्ली.

अमरावतीचा बाजार म्हणजे काय सांगू! जिकडं पाहावं तिकडं बंड्या, बैल आणि कापूस. माणसांच्या भुवयांवर कापूस, बैलांच्या शिंगांवर कापूस. मामा पिंपळीच्या दुकानाकडे गेले आणि मी बाबांना शोधून काढलं. आमची एकुलती एक बंडी लिंबाखाली उभी होती. बाबांनी बैलांची शिंगं रंगवली होती आणि स्वतः नवं पागोटं बांधलं होतं.

"आला का, बापू? पाय, कसा पांढरा फेक माल हाये! वांग्याच्या जमिनीतला हाये, म्हनलं!"

त्यांचे डोळे असे चमकत होते, की मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मी मिशीच्या जागेवरून हात फिरवला.

रुमाल टाकणारा दलाल होता शालिकराम. साठीचा, हाडकुळा, बाजारातला सगळ्यात जुना माणूस. त्याच्या शब्दाला सेठलोकसुद्धा मान द्यायचे. मला नवखा पाहून तो शिकवायला लागला.

"ध्यान देऊन आयक, बापू. एक बोट धरलं का एक. दोन धरले का दोन. सारा पंजा धरला का पाच. बोट नुसतं दाबलं का अर्धा. आन् मनगट धरलं का..."

"माहीत आहे, काका! सगळं माहीत आहे!"

"आयकून तं घे..."

"अहो काका, चार वर्षं हेच करून राहिलोय रुमालाखाली!"

हे खोटं नव्हतं. शालिकरामनं खांदे उडवले आणि रुमाल झटकला. मंडळी, माणसानं माझ्याइतकं हुशार असू नये.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते भगवंतसेठ. अमरावतीतलं मोठं प्रस्थ. सेठ शेतकऱ्यांकडून कापूस घेऊन गोदामात भरायचा आणि भाव चढला की पुढं विकायचा. तोंड असं, की त्यावर काहीही उमटत नाही. रुमाल पडला. मी त्याची चार बोटं धरली. त्यानं माझी दोन धरली. मी पुन्हा चार. तो पुन्हा दोन. तोंड दगडाचं!

मग मी हळूच बोटं मनगटावर सरकवली. अहाहा! काय नाडी पळत होती! बेडकासारख्या उड्या! मधेच एक ठोका गाळत होती आणि पुन्हा पळत होती. बाहेरून एवढा थंड दिसणारा सेठ आतून आमच्या कापसासाठी जीव टाकत होता तर! मी मनगट सोडलंच नाही. सेठनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. भुवई वर केली, जणू विचारतोय, 'खरंच?' मी ठासून मान हलवली. सेठनं माझी चार बोटं घट्ट धरली आणि झटक्यात हात बाहेर काढला. त्याच्या त्या दगडी तोंडावर चक्क हसू होतं.

शालिकरामनं टाळी दिली. "झाला सौदा!"

"बाबा, चार!" मी कानात सांगितलं. बाबांनी मला भर बाजारात पोटाशी धरलं.  पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि शेजारच्या मळेवाल्याला ओरडून सांगितलं, "मायाच पोरगा! तुई बंडी बी त्याच्याचकडं दे!"

शेजाऱ्यानं दिली. मी नाही कशाला म्हणतोय! दुसरा आला तिवस्याचा रामराव पाटील. शेत वाट्यानं देऊन हासुद्धा कापसाच्या धंद्यात उतरला होता. आडवं अंग, भरघोस मिशा. रुमाल पडला, बोटं झाली, मनगट धरलं. याची नाडी जड, सावकाश, चिखलातून म्हैस चालावी तशी. मी म्हटलं, हा लबाड आहे, दाबून बसलाय. आणखी वेळ धरली. पाटलांनी आ वासला, मान डोलावली आणि हात काढला. पुन्हा टाळी!

पंधरा मिनिटांत दोन सौदे. मी लिंबाच्या बुडाशी बसून लोडाला खोळ कोणत्या रंगाची घ्यावी याचा विचार करू लागलो.

विचार निळ्यापर्यंत आला होता, तेवढ्यात एक भरलेली बंडी येऊन आमच्या बंडीशेजारी उभी राहिली. मग दुसरी. मग तिसरी. मी म्हटलं, बाजार आहे, येतील. मग दहावी आली. बाबांनी मान वर केली.

"काहून बा, या साऱ्या इथीच काहून येऊन राहिल्या?"

पहिल्या बंडीवरून गाडीवान उतरला आणि मला हात जोडून म्हणाला, "मालक, माल कोठी उतरवाचा?"

"कुणाचा माल?"

"तुमचा! भगवंतसेठच्या सत्तावीस बंड्या हायेत. मांगून पाटलाच्या चौदा येऊन राहिल्या."

मी गाडीवानाकडे पाहिलं. मागं पाहिलं. बंड्यांची रांग थेट वेशीपर्यंत गेली होती आणि सगळे बैल माझ्याकडे पाहत होते.

तोवर बाजारात हाकाटी झालीच होती. 'अकोल्याचा पोट्टा सारी अमरावती विकत घेऊन राहिला!' कुणी म्हणालं, विलायतेच्या साहेबाचा माणूस आहे. कुणी म्हणालं, नाही, निजामाचा. आणखी तीन आडते हात पुढं करून माझ्याकडे धावले. मी दोन्ही हात पाठीमागं लपवले. तर ते म्हणाले, "पायलं? केवढा पक्का व्यापारी! हातच देत नाही!"

शालिकराम गर्दीतून वाट काढत आला.

"बापू, तुनं मनगट धरलं होतं काय?"

"धरलं होतं. पण ते..."

"सकाळी मी तुले काय सांगून राहिलो होतो? मनगट धरलं का समोरच्याचा होता नव्हता तेवढा सारा माल आपन घेतला! तोच बाजाराचा कायदा हाये! बापाच्या बापापासून!"

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेठची नाडी आमचा कापूस घेण्यासाठी पळत नव्हती. लढाई थांबणार अशी कुजबूज मुंबईहून आल्याचं सकाळीच बाजारात माझ्या कानावर आलं होतं, मी ते सोडून दिलं होतं; आणि गोदामभर कापूस घेऊन बसलेला सेठ भ्यायला होता! अशा माणसाचं मी मनगट धरलं होतं. वर मानही हलवली होती.

बाबा बंडीच्या जुवावर बसले. रागावतील, मारतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त नवं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मळा जाईन," ते हळूच म्हणाले. "जाऊ दे. तू नको रडू."

मी रडत आहे हे मला तेव्हा कळलं. लोडाला टेकणारा दलाल भर बाजारात नाक ओढत उभा होता. मला आडत नको होती, भाव नको होता, काही नको होतं. फक्त बाबांनी ते पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवावं, एवढंच हवं होतं.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "काय झालं, भाच्या?"

मामा! एका हातात पिंपळीची पुडी, दुसऱ्या हातात ती जड पिशवी. मी सगळं ओकून टाकलं. बेत, रुमाल, नाडी, आडत, सगळं. मामांनी शांतपणे ऐकलं. आणि मला वाटलं होतं त्यातलं काहीच न बोलता विचारलं, "सेठची नाडी कशी होती?"

"मामा, मळा चाललाय आणि तुम्ही..."

"इचारतो ते सांग. कशी होती?"

"बेडकासारखी. उड्या मारत होती. मधेच थांबत होती."

"किती ठोक्याईनं थांबे?"

"सात-आठ ठोक्यांनी."

"आन् पाटलाची?"

"जड. म्हशीसारखी."

मामा वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "शालिकरामदादा, पंच बोलावा. हा सौदा नव्हताच. पोट्टा नाडी पाहून राहिला होता!"

लिंबाखाली पोतं अंथरलं. पाच जुनी माणसं बसली, मधे शालिकराम. भोवती सगळा बाजार. भगवंतसेठ संतापानं लाल.

"नाडी? मी काय बिमार हाये? सौदा म्हंजे सौदा! मनगट धरलं, मान हालवली, शंभर लोकाईनं पायलं!"

"बिमार नसान तं ठीकच हाये," मामा म्हणाले. "पोट्ट्याले सांगू द्या. चुकला तं माल आमचा."

मी मागं सरकायला लागलो. पण मामांनी खांद्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता, तरी त्यानं धीर आला. मी सेठकडे पाहिलं आणि मला बाजार दिसेनासा झाला. चार वर्षं मामांच्या ओसरीवर बसणारे रोगी दिसत, तसा तो दिसला.

"सेठ, तुम्हाला झोप लागत नाही. पंधरा दिवस तरी झाले. पहाटे छातीत धडधडून उठता. अन्न गोड लागत नाही. डावा हात मधून मधून जड होतो."

सेठचं तोंड पुन्हा दगडाचं झालं. पण त्याच्या मागं उभा असलेला मुनीम न राहवून ओरडला, "एकदम बराबर! पहाटेपासून गोदामाचं कुलूप ओढून ओढून पाहतात! घरच्याईले बी उठवतात!"

बाजारात हशा पिकला. सेठ मुनिमाकडे असा वळला, की त्याची नाडी मला लांबूनच कळली.

"आणि पाटील," मी म्हणालो, "तुमचं कालचं जेवण अजून पोटात आहे तसंच आहे. परवाचंही थोडं असेल."

"कोन म्हनते?" असं म्हणायला पाटलांनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्दाऐवजी ढेकर आली. अशी लांबलचक, की शेवटच्या बंडीचा बैल दचकला! मग मात्र लोकांनी पोटं धरली. पंचही हसले. बाबासुद्धा हसले.

शालिकराम हसला नाही. त्यानं रुमालाची नीट घडी घातली.

"हे पाहा," तो म्हणाला. "रुमालाखाली झालं ते मोडत नसते. मी मोडू देनार नाही. मनगट धरलं का सारं आपलं, हा कायदा. पन पोट्ट्यानं मनगट धरलं ते मालासाठी नाही, दुखन्यासाठी. तवा माल ज्याचा त्याले. आन् दुखनं पोट्ट्याचं! हे दोघं खडखडीत होत तवर याची सुटका नाही. बोला, मंजूर?"

"मंजूर!" सगळा बाजार ओरडला. मला कुणी विचारलंच नाही. धंदा की वैद्यकी, ते मामांना कसं सांगायचं यावर मी कित्येक रात्री उशी भिजवली होती. बाजारानं तो निकाल एका घडीत लावून टाकला.

मी मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माह्याकडं कायले पाहतं? तुये रोगी हायेत. दवा सांग."

"पाटलांना दोन दिवस उपास. फक्त सुंठीचं पाणी." पाटलांचा चेहरा असा झाला, की जणू तिवसा गावच कुणी काढून घेतलं. "आणि सेठ..." मी थांबलो. काय सांगावं? पित्ताचं चूर्ण दिलं असतं, पण नाडी पळत होती ती पित्तानं नव्हे हे मला आता माहीत झालं होतं. "सेठ, ज्याच्यापायी झोप उडते ते घरात ठेवू नका. गोदाम रिकामं करा. येईल त्या भावानं."

सेठ माझ्यावर गरजणार असं वाटलं. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पक्की झोप लागंन?"

"पहिल्याच दिवशी."

त्यानं आठ दिवसांत गोदाम झाडून विकलं आणि सोळा तास झोपला म्हणतात. पुढं तीनच महिन्यांनी लढाई थांबल्याची खबर आली, भाव धाडकन बसला आणि तालेवार तालेवार माणसं बसल्या जागी खचली. भगवंतसेठ मात्र पेढ्यांची टोपली घेऊन अकोल्याला आमच्या ओसरीवर हजर! "ऐसा वैद्य पाह्यला नाही. नाडीवरून बाजार सांगते!" मला बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं हे मी त्याला सांगणार होतो. पण तोंडात पेढा होता.

असो. त्या दुपारी पंच उठले, बंड्या वळल्या, गर्दी पांगली. बाबांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. मामांनी पिशवी उघडली आणि तो काळा खल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"संक्रांत उद्या आहे," मी म्हणालो. 

"तुया मामीनं मले सारं सांगतलं होतं. आडत, लोड, सारं."

"तुपावर हात ठेवून शपथ घेतली होती तिनं!"

"म्हनूनच सांगतलं. तूप तुया पोटात गेलं होतं, शपथ कोठी राहिली?" मामांनी खलावरून हात फिरवला. "हा मी तुलेच द्याले आनला होता, बापू. दलाल झाला असता तरी देनार होतो. दुकानात कागदं उडतात. त्याईच्यावर ठेवाले कामी येते."

मी खल दोन्ही हातांनी धरला. "आणि मोर्णेत सोडणार होतात ते?"

"मोर्णेले कायचं कुटाचं हाये!" मामा म्हणाले.

तो खल अजून माझ्याकडे आहे. कागदांवर ठेवायची वेळ आली नाही. त्यात रोज कुटतो, आणि आता माझाही हात थोडा थोडा थरथरायला लागला आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सगळ्या गोंधळात एकेचाळीस बंड्या आल्या आणि परत गेल्या, पण आमची बंडी विकायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही! बाबा म्हणाले, थांबू, भाव अजून चढंन. सेठला दिलेलं औषध मला घरी द्यायचं सुचलं नाही. तीन महिन्यांनी तो कापूस घ्यायला कुणी तयार होईना. आईनं त्याच्या गाद्या भरल्या, बाबांनी मुकाट्यानं वांगी लावली आणि आई त्यांच्याशी नीट बोलायला लागली. माझ्या ओसरीवर रोगी ज्या गादीवर बसतात, ती त्यातलीच. पांढरी आहे. लोड मात्र नाही.

अजूनही अमरावतीची म्हातारी माणसं अकोल्याला आली की आवर्जून माझ्याकडे येतात. गादीवर बसतात, खोकतात, दुखणं सांगतात. आणि मी मनगटाकडे हात नेला की पटकन हात मागं घेऊन आधी दोन साक्षीदारांना जवळ बोलावतात.

"पाहा बरं वैद्यबुवा," ते म्हणतात, "आमाले काही विकाचं नाही!"